कूलरसमोर उताणं झोपलं की घर फिरते. कानाचं ऑपरेशन बिघडलं काय?

धुऱ्यावरचा (प्रश्न)

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार, वय ४३. मी सांगून राहिलो अन् पोरगं लिहून राहिलं, म्हणून भाषा अर्धी माझी, अर्धी त्याची आहे.

माझा डावा कान चौथीपासून फुटलेला. नाल्याच्या डोहात दिवसभर डुबक्या मारल्या, कान दुखला, मायनं लसूण जाळून तेल टाकलं, आठ दिवसांनी पू आला. तेव्हापासून पाऊस लागला की कान वाहे, पोळा सरला की सुके. तीस वर्षं असंच चाललं. वास येई. लग्न झालं तेव्हापासून बायको माझ्या उजव्या हातालेच झोपते. डाव्या उशीकडे तिनं कधी तोंड केलं नाही. बोलली नाही काही, पण मले समजे.

मागच्या दिवाळीच्या आधी बाजाराच्या दिवशी दाढी कराले बसलो. न्हाव्यानं फेस पुसता पुसता कानाच्या भोकासमोरची ती लहानशी बोंडी रुमालानं आत दाबली, अन् मी खुर्चीसकट गरकन फिरलो. खुर्ची जागेवरच होती हे मागून समजलं. न्हावी माझा दोस्त. त्यानं पुन्हा दाबून पाह्यलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबू देलं नाही.

मंग तपासलं, स्कॅन काढला. पडदा तं गेलाच होता, पण आतमधे कातडीची गाठ वाढून हाड खात खात पार आतल्या कानापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणे, कानामागचं हाड कोरा लागते, नाही तं उद्या तोंड वाकडं होईन, परवा मेंदूत पू जाईन. फुले योजनेत केशरी कार्डावर बसलं. संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

शुद्धीवर आलो तं छताचा पंखा फिरून राहिला होता. बायकोले म्हटलं, थंडीचा पंखा काहून लावला? ती म्हणे, पंखा बंद आहे. तीन दिवस उलट्या. डोळे मिटले तरी फिरे, उघडले तरी फिरे. पाचव्या दिवशी भिंत धरून संडासपर्यंत गेलो. महिन्यानं बरा झालो, गाडीनं दारव्ह्यालेही जाऊन आलो. कान सुकला, वास गेला. ऐकू तेवढंच येते, म्हणजे आधी जेवढं कमी येत होतं तेवढंच.

आता खरा प्रश्न. एप्रिलमधे कूलर काढला, खस बदलली. माझी खाट अशी आहे की कूलर डाव्या हाताले येते. पहिल्याच रात्री उताणा पडलो, दोन-तीन मिनिटं झाली नसतील तं घर फिराले लागलं. उठून बसलो, थांबलं. दुसऱ्या रात्री तेच. तेव्हापासून रोज.

दुसरं, कानात टाकाचं औषध. डब्बीवर लिहिलं होतं थंड जागी ठेवा, म्हणून बायकोनं फ्रिजात ठेवलं. ते टाकलं की खाट उलटी होते का काय असं वाटते, अन् मळमळते.

तिसरं, रातच्याले भुईमुगाले पाणी द्याले जा लागते, लाइन रातचीच असते. अंधारात धुऱ्यावरून चालताना मी डावीकडे कलतो. दोनदा वाफ्यात पाय गेला. बॅटरी लावली की सरळ चालतो.

गावातल्या औषधाच्या दुकानातून चक्करची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे, फेब्रुवारीपासून. चिठ्ठी पाच दिवसांची होती, दुकानदार म्हणे घेत राहा, काही नाही होत. दिवसभर पेंग येते.

साळा म्हणते, नस कापल्या गेली. मामेभाऊ म्हणते, कानाले लकवा मारला. पुढची तारीख जूनमधे आहे, दोन बस बदलून जा लागते. ऑपरेशन बिघडलं काय? पुन्हा कान उघडा लागन काय? मृगाच्या आधी समजलं तं बरं, पेरणीच्या टायमाले मी खाटेवर पडलो तं घर चालत नाही.

(बाबांनी एक सांगितलं नाही, मी लिहितो. चक्कर येते तेव्हा त्यांचे डोळे झटके मारतात. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला आहे. – मुलगा)


बंड्या दिग्रसवाला

भाऊ, माह्या आजीले असंच होत होतं. रुईचं पिकलं पान तुपात शेकून त्याचा रस कानात पिळा, तीन दिवसात चक्कर गायब. अन् कूलर काहून लावता, आंगणात झोपा न बाप्पा. डास चावले की चक्कर याद येत नाही.


सेलूची मास्तरीण

बंड्याभाऊ, रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणूस दवाखान्यात पोचतो. इथे तर त्यांच्या कानात पडदा आहे की नाही, मागचं हाड कुठवर कोरलंय, काही माहीत नाही. कृपा करून असं काही सांगू नका. अंगणात झोपा हे मात्र पटलं.

धुऱ्यावरचे भाऊ, माझं ऑपरेशन तुमच्यासारखं नव्हतं, पण चक्कर मीही भोगली आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला ऐकू येणं कमी होत गेलं. वर्गात मागच्या बाकावरची मुलं पाढे म्हणायची तर नुसते ओठ हलताना दिसायचे. कानात तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब, म्हणजे घोड्याच्या रिकिबीसारखी दिसणारी, शरीरातली सगळ्यात लहान, ती माझी जाम झाली होती. ती काढून त्या जागी पिस्टन बसवतात. जेमतेम चार-साडेचार मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. माझा दाखवला तेव्हा मला वाटलं, हा शिंकले तर उडून जाईल.

मी जागी होते, नुसतं कानाजवळ इंजेक्शन. सर मधेच म्हणाले, आता थोडं गरगरेल, घाबरू नका. आणि आतल्या कानाच्या खिडकीला भोक पाडलं त्या क्षणी टेबल डावीकडे कलंडलं. मी टेबलाची कड धरली. दोन मिनिटांनी सरांनी हळू आवाजात विचारलं, "काय भाजी खाल्ली काल?" ते मला ऐकू आलं. सात वर्षांनी कुणीतरी हळू बोललेलं ऐकू आलं. मी म्हटलं, "वांग्याची", आणि रडू आलं.

चक्कर तीन-चार दिवस होती. त्यानंतर कमी होत गेली, हे महत्त्वाचं. घरी सांगून ठेवलं होतं की शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, संडासला जोर करायचा नाही. सगळं पाळलं. पण सतराव्या दिवशी जाऊबाईंनी ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. आपल्याकडच्या मिरच्या, सांगायला नको. मी पदरात तोंड दाबून शिंकले. कानात फट्ट झालं, घर फिरलं, आणि ऐकू येणं मागे गेलं. त्याच रात्री जीप करून वर्ध्याला गेलो. खिडकीपाशी आतलं पाणी झिरपत असावं म्हणाले, डोकं उंच ठेवून पडून राहायला लावलं. नशिबाने आठवड्यात सांधलं, नाहीतर पुन्हा उघडायचं ठरलं होतं. जिभेच्या त्या बाजूला तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव मात्र चार महिने राहिली. चवीची बारीक नस कानातूनच जाते, हे तेव्हा कळलं.

हे सगळं लांबलचक सांगायचं कारण असं, की माझ्या सरांनी त्या रात्री जे प्रश्न विचारले ते तुम्हीही स्वतःला विचारा. चक्कर सेकंदभर राहते, मिनिटभर, की तासन्‌तास? कूस बदलली की येते, जोर केला की येते, की फक्त वारा लागला की येते? आणि चक्कर सुरू झाल्यापासून ऐकू येणं घटलं का? नुसतं "चक्कर येते" म्हणणं म्हणजे "पोटात दुखते" म्हणण्यासारखं आहे.


धुऱ्यावरचा

बाई, तुमचं वाचून बायको म्हणे, मिरच्या आता बाहेर चुलीवर भाजते.

तुम्ही विचारलं म्हणून काल-परवा दोन दिवस मी अन् पोरानं प्रयोग केला. त्याचं बीएस्सी चालू आहे, त्याले वहीत लिहाची हौस. जसं झालं तसं सांगतो.

कूलर चालू, मी उताणा, डोक्याखाली उशी, डावा कान कूलरकडे: अडीच मिनिटात चक्कर. कूलर बंद केला, दीड-दोन मिनिटात थांबली. त्याच जागी खाटेवर बसलो, वारा तोच, कान तोच: थोडंसं हलल्यासारखं, चक्कर नाही. खाट उलटी फिरवली, आता उजवा कान कूलरकडे, उताणा झोपलो: अर्धा तास काही नाही, झोप लागली, पोरानं उठवलं. पुन्हा पहिल्यासारखी खाट, पण डाव्या कानात व्हॅसलिन लावलेला कापूस: काही नाही.

मंग औषध. फ्रिजातलं टाकलं, चक्कर. दुसऱ्या दिवशी तीच डब्बी मुठीत धरून बसलो, जेवण होईपर्यंत मुठीतच ठेवली, डाव्या हातात डब्बी अन् उजव्या हातानं भाकर. टाकलं, काहीच नाही.

कूस बदलून पाह्यली, खाली वाकून पाह्यलं, खोकून पाह्यलं. काही नाही होत. ऐकू येणं तेवढंच आहे. न्हाव्यासारखी बोंडीही दाबून पाह्यली, भीत भीत. तेही आता काही नाही.

(डोळ्यांचं: व्हिडिओत डोळे हळूहळू डावीकडे सरकतात आणि झटक्याने उजवीकडे येतात. पुन्हा डावीकडे, पुन्हा झटका. – मुलगा)


कान-नाक-घसा, निवृत्त

मी अमरावती विभागात बरीच वर्षं हेच काम केलं. न पाहता निदान करू नये हे खरं, त्यामुळे मी सांगतो ते जूनच्या तारखेला तुमच्या सर्जनना विचारून घ्यायचं. पण तुमच्या मुलाचं आधी अभिनंदन करतो. त्याने खाटेवर जो प्रयोग केला तो शंभराहून जास्त वर्षांपूर्वी व्हिएन्नात झालेला आहे, आणि त्या विषयाला १९१४ सालचं नोबेल मिळालेलं आहे.

रॉबर्ट बारानी नावाचे डॉक्टर रुग्णांचे कान पिचकारीने धूत असत. पाणी गार असलं की रुग्णाला एका दिशेने चक्कर, गरम असलं की उलट दिशेने, आणि अंगाच्या तापमानाचं असलं की काहीच नाही. त्यांनी ओळखलं की आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधलं पाणी गार-गरम होऊन वाहू लागतं आणि मेंदूला वाटतं, डोकं फिरतंय. नोबेलची बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते, हे जाता जाता. ही तपासणी आम्ही आजही करतो. शरीराच्या ३७ अंशांच्या सात खाली आणि सात वर, म्हणजे ३० आणि ४४ अंशांचं पाणी वापरतो. रुग्णाला उताणं झोपवून डोकं ३० अंश उचलतो, कारण त्या स्थितीत या नलिकांपैकी आडवी नलिका उभी होते आणि पाण्याला वर-खाली वाहायला वाव मिळतो. तुमची उशी नेमकं तेच करते. बसल्यावर चक्कर का येत नव्हती त्याचं उत्तर हे. आणि गार वारा डाव्या कानाला लागला तर डोळ्यांचा झटका उजवीकडेच जायला हवा. तुमचा व्हिडिओ पुस्तकात छापण्यासारखा आहे.

आता तुम्हालाच हे का होतं, तुमच्या शेजाऱ्याला का नाही? शेजाऱ्याचा पडदा शाबूत आहे, त्याच्या मागे हवेची पोकळी आहे, त्या पलीकडे हाडात ती नलिका. कूलरचा वारा तिथवर पोचत नाही. तुमच्या कानात ती गाठ, आम्ही तिला कोलेस्टिॲटोमा म्हणतो, काढताना कानाच्या बाहेरच्या नळीची मागची भिंतही काढलेली दिसते. मग नळी आणि कोरलेली पोकळी मिळून एकच मोठी खोली होते, दार रुंद, आणि त्या खोलीच्या भिंतीत, पातळ कातडीच्या आड, आडवी नलिका. त्यात तुमच्या नलिकेचं हाड गाठीने आधीच खाल्लेलं होतं. न्हाव्याने बोंडी दाबल्यावर तुम्ही फिरलात ते त्यामुळेच. ही तपासणी आम्ही मुद्दाम करतो. तुमच्या मित्राने दाढीच्या पैशात केली. अशा भोकावर सर्जन कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा हाडाचा चुरा बसवतात. आता दाबल्यावर काही होत नाही, याचा अर्थ ते बहुधा नीट बसलं आहे. पण आता पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका. प्रयोग एकदाच पुरे.

तर, वाऱ्याची चक्कर म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं नाही. नस कापली असती किंवा आतला कान मेला असता तर गार वाऱ्याने उलट काहीच झालं नसतं. तुमची नलिका जिवंत आहे आणि जरा जास्तच इमानदारीने काम करते आहे. जागरूक कुत्रं वाऱ्यालाही भुंकतं तसं. तुमच्या साळ्याला हे वाचून दाखवा. पोकळी पुढे भरून लहान करण्याचं ऑपरेशन असतं, पण तुम्हाला झोपेपुरता त्रास होतो, खाट फिरवून थांबतो, मग मी तरी सुरी उचलणार नाही.

औषध मुठीत धरून कोमट करायचं. कापूस-व्हॅसलिन आंघोळीपुरतं आणि कूलरपुरतं, दिवसभर कोंबून ठेवू नका, पोकळी दमट राहिली की पुन्हा वाहील. गाडीवर दुपट्टा कानावरून बांधा. मे महिन्यात दुपारी बाहेर ४४ अंश असतं, म्हणजे आमच्या तपासणीतलं गरम पाणीच. उन्हातल्या वाऱ्याने गाडीवर उलट दिशेची चक्कर येऊ शकते. विदर्भात दोन्ही तपासण्या फुकट होतात.

अंधारात डावीकडे कलणं ही वेगळी गोष्ट आहे. तोल तीन गोष्टींवर राहतो: डोळे, पायाचे तळवे-सांधे, आणि दोन्ही आतले कान. तुमचा डावा आतला कान ऑपरेशनच्या वेळी काही प्रमाणात दुखावला, त्यानेच तुमचा बंद पंखा फिरला. मेंदू हळूहळू हिशेब जुळवून घेतो. दिवसा डोळे मदत करतात. रात्री ओल्या वाफ्यात डोळेही गेले, तळवेही गेले, उरला अर्धा-मुर्धा कान. म्हणून बॅटरी लावली की सरळ चालता. सध्या रात्री एकट्याने जाऊ नका, विहिरीच्या कठड्याशी तर नाहीच, आणि जागलीला माळ्यावर चढणं बंद.

आणि ती गोळी. मला राग आला तो या एका गोष्टीचा. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या, प्रोक्लोरपेराझिन आणि तिच्या जातीच्या, पहिल्या चार-पाच दिवसांसाठी असतात. त्या मेंदूला हिशेब जुळवू देत नाहीत, महिनोन्‌महिने घेतल्या की पेंग येते, काहींना हात थरथरतात, अंग जखडतं. गोळीचं पाकीट घेऊन जूनची वाट न पाहता तालुक्याच्या डॉक्टरकडे जा, नाव दाखवा, आणि त्यांच्या सल्ल्याने कमी करत बंद करा. मेंदूचा सराव करायचा तो असा: सकाळी उजेडात, भिंतीजवळ उभं राहून हाताच्या अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी हलवायची. थोडं गरगरेल, तेच औषध आहे. नंतर धुऱ्यावरून चालत चालत मान वळवून दोन्हीकडचं वावर पाहायचं. दिवसा.

यापुढे असं काही झालं तर मात्र तारीख न पाहता निघायचं: ऐकू येणं अचानक घटलं, चक्कर तासन्‌तास थांबेना, तोंड वाकडं व्हायला लागलं, तापासोबत डोकं ठणकून मान आखडली, कान पुन्हा वासासह वाहायला लागला, किंवा कानातून वा नाकातून पाण्यासारखं स्वच्छ काही गळायला लागलं. आणि पोकळी दर सहा महिने-वर्षाने साफ करून घ्यावी लागते, कायमची. कान सुकला म्हणून लोक येणं सोडतात आणि पाच वर्षांनी गाठ घेऊन येतात.


अकोटचा जावई

डॉक्टरसाहेब, माझ्या सासऱ्यांना पडद्याच्या ऑपरेशननंतर फक्त डाव्या कुशीवर वळलं की फिरतं, दहा-पंधरा सेकंद, मग बंद. कूलरशी काही संबंध नाही. तेपण नलिकेतल्या पाण्याचंच का?


कान-नाक-घसा, निवृत्त

नाही, तो वेगळा प्रकार. आतल्या कानात चुनखडीचे बारीक कण असतात, ड्रिलच्या थरथरीने किंवा ठोक्याने सुटून ते नलिकेत जातात. कूस बदलली की खडे गडगडतात आणि काही सेकंद घर फिरतं. याला गोळी लागत नाही, डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण पुन्हा जागेवर नेतात, एप्लीची पद्धत म्हणतात, दहा मिनिटांचं काम. पण ऑपरेशन ताजं असेल तर घरी व्हिडिओ पाहून करू नका, आधी सर्जनला विचारा. मान-कंबर कशी आहे तेही पाहावं लागतं.


बंड्या दिग्रसवाला

डॉक्टर साहेब, मी रुईचं पान वापस घेतो. पण फवारणीचा पंप भाऊ पाठीवर घेऊ शकते का नाही, ते राह्यलं.


कान-नाक-घसा, निवृत्त

चांगला प्रश्न. पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर, ढेकळांचं रान, आणि पऱ्हाटी छातीपर्यंत. यंदाचा हंगाम त्यांनी पंप दुसऱ्याकडे द्यावा असं मी म्हणेन. वजनापेक्षा मला दुसरीच भीती आहे. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती तुमच्याच भागातली होती. विषबाधेची सुरुवात चक्कर आणि मळमळीनेच होते. ज्याला कानाच्या चकरेची सवय झाली तो "हे आपलं नेहमीचं" म्हणून वावरातच बसून राहील.


धुऱ्यावरचा

मंडळी, उशीर झाला, मधे पाऊस झाला अन् दोन दिवस लाइन नव्हती.

तालुक्याले जाऊन आलो. गोळीचं पाकीट पाहून डॉक्टर बोलले नाही काही, नुसते पाहत राह्यले. आता अर्धी करून पंधरा दिवसात बंद कराची आहे. पेंग कमी झाली. पहिले चार दिवस जास्त फिरलं, मंग बसलं. सकाळी अंगठ्याकडे पाहून मान हलवतो तं गल्लीतले पोट्टे विचारतात, काका, कोणाले नाही म्हणून राहिले?

जूनची तारीख लवकर घेतली. त्यांनी मशीनवर कान पाह्यला, म्हणे पोकळी चांगली सुकली, भोकावर कातडी आली. सक्शननं साफ केलं तेव्हा पुन्हा टेबल फिरलं, पण मी आधीच सांगून टाकलं, हवेनं गार होऊन राहिलं साहेब, थांबून थांबून करा. ते हसले, म्हणे कुठं शिकले? मी म्हटलं, खाटेवर. पुन्हा उघडाची गरज नाही म्हणाले. ऐकाचं ऑपरेशन वर्षानंतर पाहू, नाही तं मशीन लावू.

फवारणी यंदा साळ्याले बोललो, रोजानं करतो म्हणे. नस कापल्या गेली म्हणणारा तोच. पाणी द्याले पोरगं संगं येते, बॅटरी त्याच्या डोक्याले, तो समोर अन् मी मागं.

कूलरची जागा बदलता येत नाही, खिडकी एकच आहे. म्हणून खाटच उलटी करून टाकली, आता कूलर उजव्या हाताले येते. पण बायकोले कूलरचा सरळ वारा सोसत नाही, तिचे सांधे धरतात. उजव्या बाजूनं झोपली तं सगळा वारा तिच्या आंगावर. तं ती आता डाव्या बाजूनं झोपाले लागली, एकवीस वर्षांत पहिल्यांदा. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही.

कूलरमधलं पाणी संपलं वाटते, नुसता पंखा वाजून राहिला. येतो टाकून.